गोठ्यात धरलेला बेस

उचगाव,
रविवार सकाळ

दोस्त दिलदार यास,

उचगावच्या बाळासोचा रामराम, आणि मलिकावहिनींना सलाम. तुम्ही दोघं खुशाल आहात असं धरून चालतो, कारण नसतात तर शिरोळहून बातमी कधीच येऊन पोचली असती. वाईट बातमी एसटीची वाट बघत थांबत नाही. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींची शुगर? कृष्णामाई यंदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन मागं फिरली असं कळलं, तिचे उपकारच म्हणायचे. इकडं आम्ही सगळे ठीक. ऋतुराज फौंड्रीत जातो, सूनबाई प्रियदर्शनी शाळेत शिकवते, आणि ऋतुराजची आई आम्हा तिघांना शिकवते. माझं म्हणशील तर खातो, पितो, हिंडतो, फक्त ऐकत नाही. (ते मी आधीपासूनच करत नव्हतो असं घरचं म्हणणं आहे, पण आता त्याला डॉक्टरचा दुजोरा मिळाला.)

तू म्हणशील, या जमान्यात पत्र कसलं, फोन काय मेला होता का. फोन जिवंत आहे, माझा कान मेला आहे. फोन कानाला लावला की आत भुंगा फिरल्यासारखं होतं, म्हणून मी तो ऋतुराजच्या आईकडं देतो, तिकडं तू वहिनींकडं देतोस, आणि मग दोघी लोणच्यावर बोलत बसतात. मुद्द्याचं काही ठरत नाही. मोबाईलवर लिहून पाठवावं तर तू वाचतोस, दोन निळ्या खुणा उमटतात, आणि तू मेल्यासारखा गप्प. कागदाला तरी उत्तर द्यावं लागतं असा आपल्या पिढीचा समज आहे.

तर कानाचं असं झालं की डावा गेला आणि उजवा निघालाय. जन्मभर ताशा बडवला, वर पोरांच्या हौसेखातर मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो, त्याची ही पावती. डॉक्टर भला माणूस आहे. तो (मोठ्यानं) म्हणाला, की वरचे सूर आधी जातात, खालचे शेवटपर्यंत राहतात. चिमण्या गेल्या. कुकरची शिट्टी चाललीय. ऋतुराजच्या आईचा आवाज कुठल्या सुरात बसतो कोण जाणे, तो अजून खणखणीत येतो. पण तुझा बेंजो, दिलदार, पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत सगळा वरच्या सुरातला. म्हणून मला तो एकदा, एकदाच, शांत खोलीत बसून नीट ऐकायचा आहे, ऐकू येतंय तोवर. आयुष्यभर आपण शेजारी शेजारी वाजवलं, पण तुझा बेंजो मी कधी धड ऐकला नाही, कारण त्यावर माझाच ताशा चालू असायचा. गेल्या उरुसापासून हे मी तुला सांगतोय आणि तू मान हलवतोस ती आडवी. तेव्हा त्या विषयावर आता एक अक्षरही काढायचं नाही असं मी ठरवलं आहे. हे पत्र बेस ट्रॅपबद्दल आहे. फक्त बेस ट्रॅपबद्दल.

बेस म्हणजे गाण्यातला तो खालचा धुम्म आवाज, तुला वेगळं सांगायला नको. त्यानंच आपली बेंजो पार्टी खाल्ली. ऋतुराजनं मागच्या गोठ्याचा स्टुडिओ केला. (म्हैस गेल्या साली गल्लीतच विकली. तिच्याबद्दल पुढं येईल.) पोरगं फौंड्रीतून येतं, काळं तोंड धुतं आणि गोठ्यात जाऊन बसतं. माईक आणला, कॉम्प्युटर मांडला, शेणाचा वास जावा म्हणून चुना दिला, आणि बघतो तर काय, खोली घुमते. काहीही वाजवा, मागून एक धुम्म येतोच. ऋतुराजचं म्हणणं, खोली लहान आणि चौकोनी असली की बेस कोपऱ्यांत साचतो आणि तिथून परत फिरतो. म्हैस होती तेव्हा खोली कधी घुमली नाही हे मी त्याच्या नजरेला आणून दिलं. तो म्हणाला, "व्हय आबा, एवढी मोठी म्हैस हाच बेस ट्रॅप हुता की." मी ते थट्टेवारी नेलं, पण तो मोबाईलवर काय काय बघून आलेला होता. कोपऱ्यात जाड, मऊ, हवा खेळेल असं काहीतरी उभं करायचं, की बेस त्यात शिरतो आणि दमून जातो. याला म्हणायचं बेस ट्रॅप, म्हणजे बेस धरायचा सापळा. दिलदार, विचार कर. अख्खं कोल्हापूर बेस वाढवायला जीव टाकतंय आणि माझं पोरगं तो धरायला सापळे लावतंय!

बाजारात या कामासाठी दगडाची लोकर मिळते. (दगडाला लोकर येते हे मला या वयात कळलं.) ती परवडेना, म्हणून आम्ही आधी अंड्यांचे ट्रे आणले. कोपऱ्यावरच्या अंडेवाल्याकडून मागून आणून सगळ्या भिंतींना डकवले. चिकटवून झाल्यावर ऋतुराजनं टाळी वाजवली, टाळी जागच्या जागी मेली. आम्ही खूश. मग मी ढोलकीवर थाप मारली, तर धुम्म तसाच. ट्रे टाळी खातात, ढोल खात नाहीत. उरलं काय, तर आत आलेल्या प्रत्येक माणसाला आमलेटची आठवण.

मग मी माझी अक्कल काढली. चुलतभाऊ गुंडूचं गुऱ्हाळ आहे, तिथं उसाच्या चिपाडांचा डोंगर पडलेला असतो. हलकं, मऊ, हवा खेळती, आणि फुकट. आपण ऊसकरी मुलखातली माणसं, आपण दगडाची लोकर कशाला घ्यायची? टेम्पोभर चिपाड आणलं, पोत्यांत चेपून भरलं, दाभणानं तोंडं शिवली आणि गोठ्याच्या चारी कोपऱ्यांत छतापर्यंत थप्प्या लावल्या. आणि काय सांगू, धुम्म खरोखरच बसला! ऋतुराजनं मला कडकडून मिठी मारली. तो लहानपणीसुद्धा असा कधी बिलगला नव्हता. मी गुंडूला निरोप धाडला की तुझ्या चिपाडानं इतिहास घडवला. गुंडूनं विचारलं, "वाळल्यालं न्हेलंस न्हवं?" मी म्हटलं, म्हणजे काय?

म्हणजे काय ते मुंगळ्यांना आधी कळलं. ताज्या चिपाडात रस राहतो हे उचगावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं; ते मला सुचलं नाही, कारण माझं सगळं लक्ष बेसवर. मुंगळे पोत्यांतून निघाले, वायरींवरून चालत माईकपर्यंत गेले. वर आंबूस वास सुटला, तो वेगळाच. प्रियदर्शनी तेव्हा आपल्या शाळेच्या पोरांसाठी धडे वाचून रेकॉर्ड करत होती. बिचारी पायावरचे मुंगळे झटकत झटकत वाचायची. आणि त्यातच आमची विकलेली म्हैस. तिला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला तो गोड वास आला, तिनं दावं तोडलं आणि थेट आपल्या जुन्या घरी आली. दार ढकलून आत शिरली, सूनबाईकडं एकदा बघितलं आणि कोपऱ्यातलं पोतं फाडून शांतपणे बेस ट्रॅप खायला लागली. ते सगळं रेकॉर्ड झालंय. तिसऱ्या धड्याच्या मध्यावर म्हशीचा श्वास ऐकू येतो, आणि ऋतुराज म्हणतो की इतका स्वच्छ आवाज त्या खोलीत तोवर आला नव्हता. शाळेतली पोरं तोच धडा पुन्हा पुन्हा लावायला सांगतात.

यानंतर माझ्याकडून सल्ला देण्याचं खातं काढून घेण्यात आलं. सूनबाई म्हणाली, "मामा, आता तुम्ही फक्त धरायला थांबा." शेवटी जे घरात होतं तेच कामी आलं: वाकळी. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, वापरून मऊ झालेल्या गोधड्या. गव्हाणीच्या फळ्या काढून ऋतुराजनं कोपऱ्यात बसतील असे तिकोनी उभे सांगाडे केले आणि त्यांत वाकळी सैल गुंडाळून ठेवायच्या ठरल्या. सैल, हे महत्त्वाचं. मी पोत्यासारख्या गुडघा देऊन चेपल्या, तर त्यानं सगळ्या उपसून काढल्या. हवा राहू दे, आबा. जन्मभर टेम्पोत सामान कोंबलेल्या माणसाला हवा सोडणं जड जातं. वाकळी कमी पडल्या तेव्हा ट्रंकेतून आपल्या पार्टीचे गणवेश काढले, ते लाल कोट, सोनेरी नाडीवाले. सगळ्यांचे घातले. तुझा तेवढा ठेवलाय. (ऋतुराजची आई म्हणाली, तो कुणालाच बसणार नाही एवढा बारीक आहे, राहू दे. कारण ते नव्हतं, तिलाही माहीत आहे.) वरून जुन्या सुती साड्यांचं कापड ताणलं. चार बायका इरकल नेसून कोपऱ्यांत उभ्या असाव्यात तसे ते चार सापळे दिसायला लागले, आणि खोलीतला धुम्म असा गेला की मला माझाच श्वास ऐकू आला. उजव्या कानानं, पण आला.

इथं पत्र संपायला पाहिजे होतं. पण गणपती आले.

शेजारची धोंडुबाई आक्का, तुला आठवत असेल, आपण तालीम करायचो तेव्हा भिंतीवर लाटणं आपटायची ती, एक दिवस डोकावली. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, आक्का, हा बेस धरायचा सापळा. तिनं सापळ्याला हात लावून बघितला आणि म्हणाली, "बाळू, मग विसर्जनाच्या डॉल्बीचा धराय हुईल व्हय रं? माझ्या छातीत लई धडधडतंय बघ." आता तूच सांग. म्हातारी एकटी. मिरवणूक गल्लीतून जाते तेव्हा तिची मांडणीवरची भांडी नाचतात आणि ती उशीखाली डोकं घालून बसते. मी आत गेलो आणि एक सापळा उचलून तिच्या घरी नेऊन ठेवला. ऋतुराज मागून काहीतरी ओरडत होता, पण तो माझ्या डाव्या बाजूला होता.

तो ओरडत होता ते असं, की सापळा खोलीत वाजलेला आवाज धरतो, बाहेरून येणारा धरत नाही. हे मला चार दिवसांनी पोचलं. तोवर गल्लीत बातमी पसरली होती की बाळासोनं डॉल्बीवर औषध काढलंय. लोक कानात कापूस घालून, पाहुण्यांकडं पळून, तक्रारअर्ज करून दमलेले. बाहेर मंडळाला बोलायची कुणाची छाती नाही, कारण मंडळात ज्याची त्याची पोरं. त्यांना घरात बसून, कुणाशी न भांडता बेस धरता येतोय म्हटल्यावर काय विचारतोस! घरोघरी वाकळी पोत्यांत गेल्या. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन कोपरा ठरवून दिला. लोक चहा द्यायचे. पेठ वडगावहून एका पाहुण्यानं चौकशी केली. दिलदार, आपण इतकी लग्नं वाजवली, पण कुणी मला कधी खुर्ची पुसून दिली नव्हती; खरं काय ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

विसर्जनाच्या संध्याकाळी अख्खी गल्ली दारं लावून, आपापल्या सापळ्याजवळ, सत्यनारायणाला बसावं तशी बसली. मीही बसलो. स्पीकरची भिंत गल्लीत वळली. पुढचं काय लिहू. कौलं हलली, भांडी नाचली, आमची भिंतीवरची ट्यूब निसटून लोंबकळली. सापळे मख्खपणे कोपऱ्यांत उभे. मिरवणूक पुढं गेल्यावर दारं उघडली आणि लोक रागानं बाहेर आले, ते मंडळाकडं नाही, माझ्याकडं. ज्यांनी भिंत आणली त्यांना कुणी काही बोललं नाही. ज्यानं वाकळ भरायला सांगितली त्याला सगळे बोलले. मी ऐकून घेतलं. (जेवढं आलं तेवढं.) थंडीही तोंडावर आलेली, तेव्हा सगळ्यांनी पोती उसवून वाकळी परत अंथरुणात घेतल्या. तेव्हापासून मला गल्लीत चहा नाही.

एकट्या धोंडुबाईनं सापळा परत केला नाही. मी न्यायला गेलो तर म्हणाली, तिचा चालला. कसा चालला? ती त्याला अंग टेकून बसली होती, मिठी मारल्यासारखी, आणि त्या मऊ वाकळीत तिच्या छातीचं धडधडणं थांबलं. मी आत येऊन ऋतुराजला सांगितलं. तो इंजिनाच्या डोक्याचा पोरगा, आता शास्त्र सांगेल असं वाटलं. पण तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे तिला." मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि तो मी त्याला बोलून दाखवला नाही, म्हणून तुला लिहितो.

पण त्यामुळं स्टुडिओचा चौथा कोपरा रिकामा झाला आणि धुम्म थोडासा परत आला. नवा सापळा करायला घरात वाकळ उरली नाही; आहेत त्यांवर ऋतुराजची आई स्वतः झोपून राखण करते. असं तीन कोपऱ्यांवर आमचं अडलं आहे.

अडलं म्हणजे कशासाठी अडलं, असं तू विचारशील. मी त्यावर बोलणार नाही असं म्हटलंय. फक्त एवढंच लिहितो की त्या लग्नात, मागून स्पीकरची गाडी आली आणि नवरीचा मामा सगळ्यांदेखत "बेंजो बंद करा, आता खरं वाजणार" म्हणाला, तेव्हा तू नखी खिशात टाकलीस, आणि टेम्पोत बसल्यावर म्हणालास, "ज्याला ऐकायचं हाय त्याच्यासाठी वाजवीन, गर्दी हलवायला न्हाय." मी तेव्हा हो म्हणालो होतो. मलाही राग आला होता. पण त्या दिवसापासून तू वाजवलंच नाहीस, आणि आपली एवढी वर्षं कुठंच उरलेली नाहीत. लग्नांच्या सगळ्या सीडी बघितल्या. नवरी दिसते, आहेर दिसतो, जेवणाच्या पंगती दिसतात, तू दिसतोस. ऐकू मात्र माझा ताशा येतो. बघ, आलाच विषय. जाऊ दे, हे खोडत नाही.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना सांग की ऋतुराजच्या आईनं मागितलेली लोणच्याची बरणी विसरू नये. गुडघ्याला जप, जिना चढू नकोस. लोभ आहेच, तो आता वाढवायला जागा नाही, तेव्हा आहे तेवढा टिकव.

तुझा,
बाळासो ताशेवाला

ता. क. जिना चढू नकोस असं लिहिलं, ते उगीच नाही. तुझा बेंजो माळ्यावर धूळ खातोय असं तू मला सांगितलंस. मलिकावहिनी फोनवर वेगळंच सांगतात. (आपण समजत होतो, दोघी लोणच्यावर बोलतात.) दर शुक्रवारी तुझं दुकान बंद झालं की तू तो खाली काढतोस, पुसतोस, सुरात लावतोस, आणि वायर न जोडता, शेजाऱ्याला कळू नये एवढ्या हळू वाजवतोस. अरे, मग मला काय म्हणून "सुटलं आता" म्हणतोस? वहिनींवर रागावू नकोस. त्या भिंतीपलीकडं पीठ मळता मळता ऐकत असतात.

ता. क. दुसरा. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुझ्या ध्यानात आलं असेल. ज्यानं ते हातात दिलं तो ऋतुराज समोर बसला आहे. त्याला सांगून ठेवलंय की काका वाचत असताना मध्ये बोलायचं नाही, चहा मिळाला तर प्यायचा. गाडीत मागच्या सीटवर एक वाकळ अंथरलेली दिसेल. (ऋतुराजची आई आज दुपारी तिच्याशिवाय झोपणार आहे, एवढ्यावरून काय ते समज.) ती बेंजोसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. तू पुढं बस, गुडघा लांब करता येतो.

ता. क. शेवटचा. चौथा कोपरा रिकामा आहे असं वर लिहिलंय ते आज सकाळपर्यंत खरं होतं. तिथं मी आता खुर्ची टाकली आहे. एवढा मोठा माणूस कोपऱ्यात बसला तर थोडा तरी बेस अडेल असं मी ऋतुराजला म्हटलं. त्यानं मोबाईलवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाला, "काय फरक पडत न्हाय आबा. पण तुम्ही तिथंच बसा." तिथून उजवा कान बरोबर तुझ्या बाजूला येतो, मी बघून ठेवलंय. ताशा मी बाहेर ठेवीन. तू वाजव. त्यातलं जेवढं ऐकू येईल तेवढं माझं.